रेमेडियलचे ग्रुप, आयईपी आणि टाइमटेबल सांभाळणारं सॉफ्टवेअर: वर्षभर वापरलं, आता बोलते

५ पैकी ३ स्टार. ज्यांना फक्त आकडाच बघायचा होता ते इथून सुटले, बाकीच्यांनी बसा, लांबण लागणार आहे.

मी शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे आणि कोऑर्डिनेटरही मीच, म्हणजे मुलांना शिकवायचंही मी आणि कोणत्या मुलाला कोण, कधी, कुठे, किती वेळ घेणार हे जुळवायचंही मी. एकूण ४३ मुलं. त्यातली १४ आयईपीवाली (आयईपी म्हणजे त्या एका मुलासाठी लिहून ठेवलेली वर्षाची शिकवण्याची योजना), बाकीची वाचनात नाहीतर गणितात मागे पडलेली म्हणून छोट्या ग्रुपमध्ये येणारी. माणसं म्हणाल तर आम्ही दोन स्पेशल एज्युकेटर, आठवड्यातून दोनदा येणारी स्पीच थेरपिस्ट, एकदा येणारी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक काउन्सेलर, वर्गात एकेका मुलासोबत बसणाऱ्या तीन शॅडो टीचर. आणि खोल्या दीड. दीड म्हणजे एक रिसोर्स रूम आणि लायब्ररीचा कोपरा, तोही लायब्ररीचा पिरियड नसेल तर.

आधी हे सगळं भिंतीवरच्या एका मोठ्या तक्त्यावर चालायचं. प्रत्येक मुलाच्या नावाचं रंगीत कार्ड, ते टाचणीने इकडून तिकडे हलवायचं. पंखा फुल केला की दोन-चार कार्डं खाली पडायची आणि मग गुरुवारी तिसऱ्या पिरियडला कोण होतं रे, यावर अर्धा तास जायचा. म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं. नाव घेत नाही, या प्रकारातली चार-पाच डेमोमध्ये बघितली तर सगळी एकाच साच्यातली निघाली, तेव्हा मी जे लिहितेय ते बहुतेक सगळ्यांना थोडंफार लागू पडेल. डेमोत सगळं हिरवंगार दिसतं हे लक्षात ठेवा. डेमोतली मुलं कधी गैरहजर नसतात, त्यांच्या वर्गाला कधी प्रॉक्सी, म्हणजे रजेवरच्या टीचरच्या जागी दुसरी, लागत नाही आणि त्यांची पेन्सिल कधी हरवत नाही.

तर आधी चांगलं सांगते, कारण टाइमटेबलचा भाग खरंच चांगला आहे. त्यात प्रत्येक वर्गाचे पिरियड एकदा भरायचे आणि मग कुठल्या पिरियडला हात लावायचा नाही ते लॉक करायचं. आम्ही दोन गोष्टी लॉक केल्या. एक म्हणजे वर्गातला भाषेचा मुख्य पिरियड, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला वाचन शिकवायच्या तासालाच बाहेर काढलं तर त्याला जास्तीचं काय मिळालं, इथलं काढून तिथे दिलं, हिशोब तोच. छोटा ग्रुप ही वर्गातल्या शिकवण्यावरची भर असायला पाहिजे, बदली नव्हे, आणि हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. दुसरं म्हणजे पीटी आणि चित्रकला. यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. एक सर म्हणाले पीटी काय, बुडला तर बुडला. अहो पण जो मुलगा दिवसभर वर्गात मान खाली घालून बसतो तो मैदानावर कॅप्टन असतो, त्याचा तो एकच पिरियड काढून घेतला तर तो रिसोर्स रूममध्ये शरीराने येईल, बाकी काही येणार नाही. सर मग गप्प बसले. पटलं की कंटाळले माहीत नाही.

एवढं लॉक केल्यावर सॉफ्टवेअरने दोन मिनिटांत जे टाइमटेबल काढलं ते बघून मला थोडी लाजच वाटली, कारण तेच करायला मला दर सत्राच्या सुरुवातीला आठवडा लागायचा. स्पीच थेरपिस्टचा मंगळवार आणि दुसरीच्या दोन तुकड्या कायम एकमेकांवर आदळायच्या, ते त्याने लीलया सोडवलं. दोन ग्रुपची अदलाबदल एवढंच करायचं होतं, मला तीन वर्षं दिसलं नव्हतं.

पण. एक टीचर रजेवर गेली की हा पत्त्यांचा बंगला कोसळतो. प्रॉक्सीचं टाइमटेबल शाळेचं ऑफिस वेगळ्या एक्सेल शीटमध्ये करतं आणि ती शीट आणि हे सॉफ्टवेअर एकमेकांना ओळखत नाहीत. सकाळी ८ वाजता कळतं की आपल्या दुसऱ्या मॅडमला पाचवी-बच्या वर्गावर पाठवलंय, म्हणजे तिचे तीन ग्रुप गेले. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते तीन ग्रुप हिरव्या रंगात गोड हसत असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. सेशन ३० मिनिटांचं टाकलं की सॉफ्टवेअर पुढचं सेशन त्याच मिनिटाला सुरू करतं. मुलं काय बटण दाबून प्रकट होतात का? तिसऱ्या मजल्यावरून तिघांना आणायचं, एकजण वाटेत पाणी प्यायला थांबणार, दुसऱ्याच्या बुटाची लेस सुटणार, मग बसणार, मग वही उघडणार. आम्ही जुगाड केला, मध्ये ५ मिनिटांचा ‘चालणे’ नावाचा खोटा ग्रुप टाकला. चालला. फक्त महिन्याच्या रिपोर्टमध्ये ‘चालणे’ या विषयात शंभर टक्के उपस्थिती आली आणि मीटिंगमध्ये सगळे हसले.

आता मिनिटांचा हिशोब, कारण मला या सॉफ्टवेअरकडून सगळ्यात जास्त जे शिकायला मिळालं ते इथेच. आमचा चौथीचा एक वाचन ग्रुप, आठवड्यातून ४ दिवस, ३० मिनिटं, १० आठवडे. कागदावर ४० सेशन म्हणजे १२०० मिनिटं. प्रत्येक सेशनला सुरू-बंदचं बटण दाबायची सवय लावून घेतली, सुरुवातीला जाम वैताग आला, पण १० आठवड्यांनी आकडा बघितला तर ११ सेशन झालीच नव्हती (स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस, प्रॉक्सी, युनिट टेस्ट, परत प्रॅक्टिस) आणि जी २९ झाली त्यात प्रत्यक्ष शिकवणं सरासरी २२ मिनिटं. २९ गुणिले २२ करा, ६३८. म्हणजे आपण ज्याला १२०० मिनिटांची मदत म्हणत होतो ती निम्म्याला जेमतेम टेकली होती. आणि आम्ही मीटिंगमध्ये बसून काय बोलत होतो, तर ‘या मुलांना ग्रुपचा उपयोग होत नाहीये, पुढच्या लेव्हलला पाठवूया का’. औषधाचा अर्धा डोस देऊन औषध लागू पडत नाही म्हणायचं, त्यातला प्रकार. हा एक रिपोर्ट प्रिन्सिपल मॅडमसमोर ठेवला आणि त्यानंतर आमच्या ग्रुपच्या वेळेत प्रॅक्टिस लागली नाही. वर्षभरात आमच्या बाजूने लागलेला हा एकमेव निकाल, त्याचं श्रेय सॉफ्टवेअरला देतेच.

ग्रुप पाडायचं ऑटोमॅटिक बटण मात्र वापरू नका. परत सांगते, वापरू नका. ते मुलांना फक्त स्कोअरवरून एकत्र टाकतं. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द, तो आकडा जवळजवळचा की एक ग्रुप. आमच्याकडे तीन मुलं आली, तिघंही ३८च्या आसपास, सॉफ्टवेअर म्हणालं घ्या, झकास ग्रुप.

मी तिघांना एकेक करून समोर बसवून वाचून घेतलं. पहिली मुलगी, बोट ठेवून, अक्षर अक्षर सोडवत, क… म… ळ… कमळ. हळू, पण चुका जवळजवळ नाहीत, वेलांटी-उकार सगळं नीट. दुसरा मुलगा भन्नाट वेगात. ‘पाणी’ लिहिलंय तिथे ‘पाऊस’, ‘मासा’ लिहिलाय तिथे ‘माकड’, पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं मनाचं घालायचं, आणि इतक्या आत्मविश्वासाने की ऐकणाऱ्याला वाटावं पुस्तकातच चुकलंय. एवढ्या वेगाने वाचून बरोबर शब्द मात्र ३८च. तिसऱ्याचं वाचन ऐकायला ठीक, जोडाक्षराला अडकतो, पण गोष्ट संपल्यावर विचारलं की कोण कुठे गेलं, तर माझ्याकडे बघत बसला. एकही उत्तर नाही.

आता या तिघांना एका टेबलाभोवती बसवून मी शिकवू काय? पहिलीला सराव पाहिजे, तेच तेच सोपे उतारे परत परत, हात बसेपर्यंत. दुसऱ्याचा वेग आधी उतरवायला पाहिजे, शब्दाच्या शेवटापर्यंत डोळा न्यायला शिकवायचं. तिसऱ्याचा प्रश्न भाषेचा, ऐकून तरी कळतंय का हे आधी तपासायचं, लागलं तर स्पीच थेरपिस्टशी बोलायचं. गॉफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे, वाचून समजणं म्हणजे अक्षरं सोडवता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही असो, उत्तर शून्य. आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना माहीत असतं, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला एकच आकडा दिसतो. ग्रुप शेवटी मी हातानेच पाडले, आणि दर ६ ते ८ आठवड्यांनी परत पाडते, कारण एकदा ज्या ग्रुपमध्ये टाकलं तिथे मूल वर्षभर पडून राहिलं तर तो ग्रुप राहत नाही, ती एक छोटी तुकडीच होते आणि मुलं तिला नावही ठेवतात.

(ग्रुपचा आकार हाही वादाचा विषय. वरून दबाव असतो की सहा-सात घ्या. २२ मिनिटं भागिले सात, प्रत्येकाला ३ मिनिटं. तीन जणं घेतली तर ७. यावर वेगळा अभ्यास कशाला करायचा.)

आता ग्राफ. यासाठी मी अख्खा एक स्टार दिलाय.

एक मिनिटाच्या वाचनाची ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डीनो आणि त्यांच्या लोकांनी १९७०-८०च्या दशकात ती उभी केली. कल्पना साधीच. मोठी परीक्षा वर्षातून दोनदा घेण्यापेक्षा दर आठवड्याला छोटी, एकाच प्रकारची, एका मिनिटाची मोजणी घ्यायची आणि ठिपके जोडत जायचं. सुरुवातीला एकाच दिवशी तीन उतारे वाचून घ्यायचे आणि तिघांतला मधला आकडा धरायचा, म्हणजे एखादा उतारा सोपा-अवघड निघाला तरी घोळ होत नाही. मग तिथून जिथे पोचायचंय तिथपर्यंत एक सरळ रेघ मारायची. ती अपेक्षेची रेघ. लागोपाठ चार ठिपके रेघेच्या खाली पडले की शिकवण्यात बदल करायचा. मुलात नाही हं, शिकवण्यात.

हातानेही करता येतं हे सगळं, मी ग्राफपेपरवर केलंय, पण १० मुलांपर्यंत. ४३ मुलांचे ठिपके दर शुक्रवारी कोण काढणार? इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. टॅबवर उतारा, मूल वाचतंय, चुकलेल्या शब्दावर टॅप करायचं, मिनिट झालं की ठिपका आपोआप पडतो. तिसरीतला एक चष्मेवाला, सुरुवात २८ शब्द, १६ आठवड्यांत ५२ ठरवलेलं, म्हणजे आठवड्याला दीड शब्द. पहिले सहा आठवडे २८, ३०, २९, २९, ३०, २९. रेघ वर निघून गेली आणि हा खाली आडवा. मला वाटत होतं छान चाललंय, कारण तो मुलगा गोड आहे, हसतो, उत्तरं देतो, ग्रुपमध्ये मजा येते. ठिपक्यांना असं काही वाटत नसतं. मग बसून चुका बघितल्या तर नव्वद टक्के चुका जोडाक्षरं आणि रफार, आणि आम्ही सहा आठवडे काय करत होतो तर गोष्टी वाचत होतो. पाच जणांचा ग्रुप तिघांचा केला, गोष्टी अर्ध्यावर आणल्या, रोज ८ मिनिटं फक्त जोडाक्षरं फोडणं आणि जोडणं. शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी एक चौकोन काढायचा आणि आवाज म्हणत त्यात एकेक सोंगटी सरकवायची, एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाचे चौकोन, ते आम्ही जोडाक्षरांना लावले. ‘पुस्तक’मधला स् आणि त वेगळे दोन चौकोनांत, मग स्ला तच्या चौकोनात ढकलायचं. त्याला ते ढकलणं इतकं आवडलं की घरी आईच्या बांगड्या घेऊन करायला लागला. सोळाव्या आठवड्याला ४७. ५२ नाही झाले. पण ती आडवी रेघ जिथून उठली ती जागा ग्राफवर स्पष्ट दिसते, आणि ती त्याच्या वडिलांना दाखवता आली. ‘प्रगती समाधानकारक’ या दोन शब्दांपेक्षा बरं की नाही.

पण याच ग्राफमध्ये एक मोठी गडबड आहे आणि मराठीतून वाचन घेणाऱ्यांनी तर कान देऊन ऐका. सॉफ्टवेअरमध्ये ‘वयानुसार अपेक्षित’ म्हणून जे आकडे आधीच भरलेले येतात ते इंग्रजी वाचनाचे. हॅसब्रुक आणि टिंडल यांचा २०१७चा तक्ता, त्यात दुसरीच्या शेवटी मधल्या मुलाचे मिनिटाला १०० शब्द, तिसरीच्या शेवटी ११२. इंग्रजीसाठी तो तक्ता उत्तमच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मराठीत ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे हो! इंग्रजीत त्याचे चार-पाच शब्द होतील. शब्द लांब म्हणजे मिनिटाला शब्द कमी, सरळ आहे. पहिल्या शुक्रवारी आमची मराठीतली सगळी मुलं लाल. सगळी. वर्गात पहिली येणारी मुलगीसुद्धा लाल.

आम्ही काय केलं, तर प्रत्येक इयत्तेतल्या सगळ्या मुलांचं तोच उतारा देऊन वाचन मोजलं, आकडे ओळीने लावले आणि मधला आकडा आमची अपेक्षा म्हणून धरला. तीन दिवस गेले त्यात. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे आकडे भरायची सोय आहे, पण ती सेटिंगच्या आत, त्याच्या आत, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पुरून ठेवलीय. कस्टमर केअरच्या पोराला स्वतःलाच माहीत नव्हती, मी त्याला सांगितली.

आणि या लाल रंगानेच पुढचं रामायण घडवलं. सॉफ्टवेअरमध्ये पालकांना मेसेज आपोआप जायची सोय असते आणि ती चालूच येते, बंद आपण करायची. मला हे माहीत नव्हतं. त्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी पालकांच्या फोनवर मेसेज गेला, ‘आपले मूल लाल श्रेणीत आहे, स्तर ३ मदतीची शिफारस’. सोमवारी सकाळी गेटवर एक आई उभी, डोळे सुजलेले, म्हणाल्या, ‘मॅडम, लाल म्हणजे काय झालंय माझ्या बाळाला?’ काहीच झालं नव्हतं ताई, इंग्रजीचा तक्ता मराठीला लागला होता. पण त्यांनी शनिवार-रविवार दोन रात्री काढल्या होत्या त्या काढल्याच. मी हात जोडून माफी मागितली, सगळ्या घरी फोन केले. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की हे फीचर पालकांचा सहभाग वाढवण्यासाठी आहे. सहभाग वाढला खरा, गेटवर जागा पुरेना.

स्तर १, २, ३ ही भाषा आमची, आतल्या लोकांची आहे. सगळ्या वर्गाला चांगलं शिकवणं हा पहिला, त्यातून राहिलेल्यांना छोटा ग्रुप हा दुसरा, त्यातूनही राहिलेल्या मोजक्यांना जास्त वेळ आणि आणखी छोटा ग्रुप हा तिसरा. ढोबळ अंदाज सांगतात ८०, १५ आणि ५ टक्के, आणि त्याचा खरा अर्थ असा की तुमच्या शाळेत ४० टक्के मुलांना ग्रुप लागत असतील तर आधी वर्गातलं शिकवणं बघा. ही मुलांवर चिकटवायची लेबलं नाहीतच. आईच्या फोनवर तर नाहीच नाही.

आयईपीचा भाग ठीकठाक. मूल आत्ता कुठे आहे, वर्षाचं ध्येय काय, छोटे टप्पे कोणते, वर्गात काय सवलती, कोण किती मिनिटं देणार, सगळे रकाने आहेत, तारखेची आठवण येते, कागद हरवत नाही. पण ध्येयांची एक तयार यादी दिलीय आणि तिथे आळशी माणसाची चैन आहे. क्लिक केलं की ध्येय तयार, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘८० टक्के अचूकतेने’. एका ध्येयात होतं, मूल भीती वाटल्यास मदत मागेल, ८० टक्के अचूकतेने. म्हणजे पाचव्या वेळी घाबरून गप्प बसायचं का? आमच्या नव्या मॅडमनी पहिल्या महिन्यात चार मुलांना शब्दशः एकच ध्येय दिलं होतं, एका मुलाच्या आयईपीत तर ‘तो’च्या जागी ‘ती’ राहिलं होतं. त्यांचा दोष नाही, बटणच तसं आहे.

क्लास टीचर लोकांचं काय? एकूण २२ टीचर, लॉगिन सगळ्यांना दिलं, ट्रेनिंग दिलं, चहाही दिला. नियमित उघडणारे दोन. बाकीचे मला कॉरिडॉरमध्ये पकडून विचारतात, ‘अगं तुझा तो आज येणारे का?’ आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांच्याकडे आधीच हजेरीचं एक ॲप, मार्कांचं एक, पालकांचे ग्रुप दोन. त्यांना लागतं एवढंच की या मुलासाठी मी माझ्या वर्गात काय करू. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मुलाचा १४ पानी रिपोर्ट निघतो, तो कोण वाचणार. मी त्यातून एका पानाचं हाताने बनवते, चार ओळी, पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्या, गणिताची शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका. शेवटची ओळ ठळक. तो कागद टीचरच्या डायरीत चिकटलेला असतो आणि तो वापरला जातो. सॉफ्टवेअरमध्ये हे एका पानाचं बटण असतं तर मी अर्धा स्टार वाढवला असता.

मुलाला बाहेर न काढता आम्हीच वर्गात जाऊन टीचरबरोबर शिकवायचं, हे आम्ही दोन वर्गांत करतो. सॉफ्टवेअरला ते समजतच नाही. त्याच्या लेखी सेशन म्हणजे वेगळी खोली. वर्गात जाऊन बसलं की तो वेळ ‘रिकामा’ दिसतो आणि ऑफिस म्हणतं मॅडम, तुम्ही फ्री दिसताय, प्रॉक्सी घ्या.

बाकी किरकोळ. नेट गेलं तरी टॅबवर मोजणी चालते, नंतर आपोआप वर चढते, एकदाही डेटा गेला नाही. मराठी टायपिंग चालतं, पण पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात. वाचनात अडकणाऱ्या मुलांच्या रिपोर्टमध्ये जोडाक्षरं फुटलेली, काय बोलायचं. दुसऱ्याच्या मुलांची नावं स्टाफरूमच्या स्क्रीनवर दिसू नयेत म्हणून कोणाला काय दिसेल हे ठरवता येतं, ते पहिल्याच दिवशी करून घ्या.

२० पेक्षा कमी मुलं असतील तर घेऊ नका असं माझं मत, तक्ता आणि ग्राफपेपर पुरतो, फक्त पंखा हळू लावा. ३०च्या वर असतील आणि मोजायची शिस्त लावायची तयारी असेल तर घ्या, मेसेज बंद करा, ऑटो ग्रुप बंद करा, तक्ता स्वतःचा भरा आणि मग सुरू करा. आम्ही आणखी एक वर्ष घेतलंय.

हो, एक राहिलं. सेशन झालं नाही की कारण निवडावं लागतं. यादीत आहे, विद्यार्थी गैरहजर, शिक्षक अनुपलब्ध, सुट्टी, इतर. मागच्या आठवड्यात चष्मेवाला दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘टीचर, आज वर्गात प्रयोग आहे, मी उद्या येऊ?’ मी म्हटलं पळ. मग ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं, प्रयोग होता. सिस्टीमने विचारलं, हे सेशन भरून काढायची तारीख टाका.